बायकांचा डबा

सन सत्तावीसच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या स्टेशनात चंद्रव्वा गरम दूध विकत होती. तिचा नवरा शरणप्पा होटगीला वॅगनी जोडायच्या-सोडवायच्या कामावर होता. एका पावसाळ्यात पाय घसरून दोन वॅगनींच्या मधे सापडला आणि तिथंच गेला. मूलबाळ नव्हतं. बाईमाणसाचं पुढं कसं व्हायचं म्हणून कुणा साहेबानं शब्द टाकला आणि तिला फलाटावर दूध विकायचा पितळी बिल्ला मिळाला. त्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली होती. घरी एक म्हैस होती, शेजारच्या गवळ्याकडून आणखी चार शेर दूध ती घ्यायची, आणि दंडावर बिल्ला बांधून, हातात शेगडी आणि दुधाची चरवी घेऊन दोन्ही मेलगाड्यांना हजर राहायची.

मद्रासहून निघालेली मेल रायचूर, वाडी, गुलबर्गा, होटगी करत दिवेलागणीला सोलापुरात शिरायची आणि रात्रभर धावून सकाळी बोरीबंदरला टेकायची. मुंबईहून सुटलेली तिची जोडीदारीण सकाळची उन्हं चढायच्या आत सोलापूर गाठायची. गावात घड्याळं थोडी, पण मेल सगळ्यांना ऐकू यायची. इंजिन पाणी प्यायला थांबलं की पंधरा मिनिटं फलाटावर निरनिराळ्या मुलखांची माणसं उतरायची. पुढच्या डब्यांतून साहेब लोक पाय मोकळे करायला खाली यायचे, मागच्या तिसऱ्या वर्गातून तांबे-लोटे बाहेर यायचे. चंद्रव्वा पुढं कधी जात नसे. तिचं गिऱ्हाईक मागं, त्यातही बायकांच्या डब्यात. लेकुरवाळ्या बायका खिडकीतून भांडं धरायच्या, ती वरून धार सोडायची. मराठी आणि कानडी तिला सारखीच येत होती, तेलंगी साळ्यांच्या शेजारामुळं तेलगूचेही चार शब्द यायचे. त्यामुळं रायचूरकडच्या बाया तिला बघून हरखायच्या. दिवसभर परक्या बोलीत अवघडलेल्या असायच्या, त्यांना तिच्या तोंडून कानडी ऐकली की बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात पटकीची साथ होती. स्टेशनच्या डॉक्टरनं फलाटावरच्या सगळ्या विक्रेत्यांना उभं करून दम भरला होता. उघडं काही विकायचं नाही, कुणी उतारू आजारी दिसला तर ताबडतोब सांगायचं. दोन वर्षांपूर्वी एका कलिंगडवाल्याच्या फोडी खाऊन कुर्डुवाडीच्या पुढं दोघं दगावले होते. फोडींनीच दगावले असं कुणी सिद्ध केलं नाही, पण त्याचा बिल्ला गेला तो गेलाच. तो आता गिरणीच्या दारात बसून विड्या वळायचा. चंद्रव्वा रोज त्याच्यासमोरून जायची.

जेठ लागला होता. मेल आली ती दिवसभराच्या उन्हात भाजून निघालेली. डब्यांच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. चंद्रव्वा बायकांच्या डब्याशी आली तेव्हा कोपऱ्यातल्या खिडकीतून एका तरुण बाईनं पितळी वाटी पुढं केली. वय विशी-बाविशीचं, केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. मांडीवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं तान्हं लेकरू होतं.

"हालु, अक्का," ती म्हणाली. दूध दे.

चंद्रव्वानं दूध ओतलं. बाईनं ते बोंडल्यात घेतलं आणि बोंडल्याची चोच लेकराच्या ओठांत घातली. समोरच्या बाकावर वाडीला चढलेली एक मुसलमान बाई होती, तिची तीन लेकरं तिच्या आजूबाजूला लोळत होती. ती म्हणाली, "दोपहर से सोतीच है बच्ची. मैं बोली, छाती को लगा ले. तो इशारे से बोली, दूध नै आता."

तरुण बाईला यातलं किती कळलं कोण जाणे. ती मान खाली घालून बोंडलं धरून बसली. दूध लेकराच्या तोंडात गेलं आणि गालावरून ओघळून मानेखाली उतरलं. बाईनं ते पदरानं टिपलं, पुन्हा बोंडलं लावलं, पुन्हा ते ओघळलं. लेकराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक माशी बसली होती. ती तिथं चालत होती, आणि पापणी हलत नव्हती.

चंद्रव्वा खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

बाईनं वर बघितलं. दोघींची नजर एक झाली आणि बाईला समजलं की हिला समजलं आहे. ती खिडकीच्या गजांपर्यंत वाकली आणि हळू आवाजात, कानडीत म्हणाली, "अक्का, ओरडू नकोस."

"कधी?" चंद्रव्वानं विचारलं.

"रायचूर सुटल्यावर. कृष्णेचा पूल लागला तेव्हा एकदा डोळे उघडून बघितलं. त्यानंतर नाही."

"काय होत होतं?"

"काल रात्रीपासून जुलाब. ओकारी. सासू म्हणाली, दातांचं आहे. तिकीट काढलं होतं, पत्र गेलं होतं, म्हणून निघाले." ती भराभर बोलत होती, जणू बोलणं थांबलं तर चंद्रव्वा निघून जाईल. "मी सुंदरम्मा. आदोनीची. माझे मालक मुंबईत गोदीत आहेत. मी चार महिन्यांची पोटुशी होते तेव्हा ते गेले. त्यांनी तिला बघितलंच नाही, अक्का. उद्या सकाळी ते बोरीबंदरात उभे असतील. एकदा तिला त्यांच्या हातात देते. एवढी एक रात्र. मग कुणी काही करू दे."

या उकाड्यात उद्या सकाळपर्यंत त्या जिवाचं काय होईल, हे चंद्रव्वाच्या डोळ्यांपुढं आलं. पण ती खिडकीतली नजर अशी होती की तिला नाही म्हणणं जमलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

सुंदरम्मानं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. चंद्रव्वा वळली, आणि वळता वळता तिला दिसलं, मुसलमान बाईचं धाकटं लेकरू बाकाखाली सरकत येऊन सुंदरम्माच्या तांब्याला तोंड लावून पाणी पीत होतं. सुंदरम्माचं तिकडं लक्ष नव्हतं. आईचंही नव्हतं.

ती पुढच्या डब्यापर्यंत गेली. कुणीतरी भांडं पुढं केलं, तिनं ओतलं, तिचं तिलाच कळलं नाही. त्याच्या पुढच्या डब्याशी तिचे पाय थांबले. मनात दोन गोष्टी एकदम आल्या, आणि त्यातली पहिली कुठली हे तिला पुढं आयुष्यभर सांगता आलं नाही. एक, ते तांब्याला लागलेलं लेकराचं तोंड. दुसरी, गिरणीच्या दारातला कलिंगडवाला. उद्या मुंबईला कळणारच की लेकरू मेलेलं होतं. विचारतील, वाटेत त्याच्या तोंडात काय गेलं? आणि डब्यातली बाई सांगेल, सोलापूरच्या दूधवालीचं दूध.

रेल्वे पोलिसांचा हवालदार मानसिंग पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. पन्नाशीचा, भल्या मोठ्या मिशांचा, पण मवाळ माणूस. पिढी-दोन पिढ्यांपूर्वी त्याचे लोक उत्तरेकडून पलटणीबरोबर आले होते, तो मात्र सोलापुरातच जन्मलेला. शरणप्पाचं प्रेत होटगीहून आणायला तोच गेला होता.

"हवालदार," चंद्रव्वा म्हणाली, "बायकांच्या डब्यात एक लेकरू गेलंय. आईनं झाकून ठिवलंय."

"काय सांगतेस? पटकी?"

"मला काय ठावं! जुलाब-वांती हुती म्हन्ती. आनि दुसरी तीन लेकरं हायती त्या डब्यात." आणि मग, त्यानं काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "माजं दूद प्यायच्या आदीच गेलीय ती पोर. ते तेवडं ध्येनात ठिवा."

मानसिंग धावला. गार्डानं हिरवं निशाण हातात घेतलं होतं ते गुंडाळून ठेवलं. डॉक्टरला बोलावणं गेलं. पाच मिनिटांत बायकांच्या डब्याभोवती गर्दी झाली. दार उघडलं, आतल्या बायका गाठोडी ओढत, लेकरांना काखोटीला मारत बाहेर पडल्या. मुसलमान बाईला काय झालं ते कळलं तेव्हा ती फलाटावर मटकन बसली आणि तिन्ही लेकरांची तोंडं एकेक करून पदरानं घासायला लागली.

सुंदरम्मा जागची हलली नाही. डॉक्टरनं हात पुढं केला तशी ती कोपऱ्यात सरकली आणि कानडीत म्हणाली, "झोपली आहे." पुन्हा म्हणाली, "झोपली आहे, उठवू नका." डॉक्टरला कानडी येत नव्हती. मानसिंगला येत नव्हती. गार्ड तर गोव्याकडचा.

मानसिंगनं गर्दीवरून हाक मारली, "चंद्रव्वा! इकडं ये. तुला हिची बोली येते ना? हिला सांग, खाली उतर म्हणावं. जबरदस्ती करायला लावू नको म्हणावं."

लोकांनी वाट करून दिली. चंद्रव्वा खिडकीपर्यंत गेली. चरवी तिच्या हातातच होती. तिला वाटलं, कानडी येत नाही म्हणून सांगावं आणि निघून जावं. पण सगळं स्टेशन जाणत होतं.

"खाली उतर, तंगी," धाकट्या बहिणीला म्हणावं तशी ती म्हणाली. "ते काही करणार नाहीत. मी आहे."

सुंदरम्मानं तिच्याकडं बघितलं. रडली नाही, शिवी दिली नाही. "तू बरं म्हणालीस," एवढंच म्हणाली.

"काय म्हणते?" मानसिंगनं विचारलं.

"काय न्हाय. उतरते म्हन्ती."

आणि सुंदरम्मा खरोखरच उतरली. लेकरू छातीशी धरून, कुणाचा हात न घेता. डबा फिनेलनं धुतला गेला, त्याला कुलूप घातलं, त्यातल्या बायकांना दुसरीकडं कोंबलं. मेल चाळीस मिनिटं उशिरा सुटली. फलाटावर पिवळ्या कंदिलांखाली सुंदरम्मा तिच्या ट्रंकेवर बसून होती आणि एकेक डबा तिच्यासमोरून निघून गेला. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा दिसेनासा होईपर्यंत तिनं तिकडं बघितलं. मग मान खाली घातली.

स्टेशनच्या दवाखान्यात डॉक्टरनं लेकराचा कपडा सोडला. चंद्रव्वाला बोलायला म्हणून आत उभं केलं होतं. पोर सात महिन्यांची होती, निंगव्वा नावाची. डॉक्टरनं बराच वेळ बघितलं, सुंदरम्माला चंद्रव्वाच्या तोंडून दहा प्रश्न विचारले आणि मग चष्मा काढून म्हणाला, "पटकी असेल. उन्हाचंही असू शकेल. एवढ्याशा लेकराला दोन तास जुलाब झाले तरी पुरे होतं. आता सांगणं कठीण." फॉर्मवर त्यानं संशयित पटकी असं लिहिलं.

"डाक्टरसायेब," चंद्रव्वा म्हणाली, "बाप मुंबईला हाय. त्यो येईस्तवर ठिवता येईल का? बर्फात घालून?"

"पटकीचं प्रेत? वेड लागलंय का तुला? उजाडायच्या आत पुरलं पाहिजे. आजची रात्र राहू देतो तेच फार झालं."

सुंदरम्माजवळच्या पत्रावर नवऱ्याचा पत्ता होता. तारबाबूनं तो बघून इंग्रजीत तार केली. काय लिहिलंत, असं चंद्रव्वानं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "मूल वारले. पत्नी सोलापुरात. निघून या." तीन वाक्यांत सगळं झालं होतं.

उजाडताना नगरपालिकेच्या माणसानं गावाबाहेरच्या माळावर खड्डा खणला. सुंदरम्माचं आपलं म्हणावं असं कुणी पुरुषमाणूस नव्हतं, म्हणून मानसिंग डोक्याला रुमाल गुंडाळून आला. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती, पण त्या दोघींना कुणी अडवलं नाही. लेकरू घ्यायला मानसिंगनं हात पुढं केले तेव्हा सुंदरम्मानं ते दिलं. माती ओढली, वर चार दगड रचले. एवढ्यात मुंबईकडून येणाऱ्या मेलची शिट्टी ऐकू आली. चंद्रव्वा त्या दिवशी मेलला गेली नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तिनं सुंदरम्माला आपल्या घरी आणलं. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत तिच्या दोन खोल्या होत्या. सुंदरम्मा मागून चालत आली, सांगितलं तिथं बसली, पण बोलली नाही. भाकरी पुढं ठेवली तर बघत राहिली. पाणी मात्र प्यायली. दुपारी चंद्रव्वानं बघितलं, सुंदरम्माच्या चोळीवर दोन्ही बाजूंनी ओले डाग पडले होते आणि ती दात आवळून भिंतीला टेकली होती. दूध येत नाही असं डब्यात सांगितलं होतं ते खोटं होतं. मेलेल्या पोरीला छातीशी लावायचं तिच्यानं झालं नव्हतं, इतकंच. आता दूध उतरून छाती दगडासारखी झाली होती.

चंद्रव्वानं जुनं लुगडं फाडलं, कोबीची पानं शेजारणीकडून आणली, ती ठेवून घट्ट बांधलं. सुंदरम्मानं बांधू दिलं. तिच्या अंगाला हात लागत होता तेव्हा चंद्रव्वाला वाटलं, आता ही बोलेल, निदान एक शिवी तरी देईल. पण सुंदरम्मा तिच्या खांद्यावरून पलीकडं, म्हशीच्या गोठ्याकडं बघत राहिली.

"त्या बाईचं लेकरू तुझ्या तांब्यातलं पाणी पीत होतं," चंद्रव्वा म्हणाली. "मी बघितलं. म्हणून."

सुंदरम्मानं पदर अंगावर ओढून घेतला. आणि बिल्ल्याचं चंद्रव्वाच्या तोंडून बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईकडची मेल आली तेव्हा चंद्रव्वा दुधाशिवायच फलाटाच्या दाराशी उभी होती. ती उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी एक उंच, काळासावळा, कपाळावर विभूती लावलेला माणूस रिकाम्या हातांनी आला आणि दाराशी येऊन थांबला. कुठल्या बाजूला जायचं हे ठाऊक नसलेल्या माणसासारखा.

"सुंदरम्माचे मालक?" तिनं कानडीत विचारलं.

"हो. कल्लप्पा." तो कानडीतच पुढं म्हणाला, "ती कुठं आहे?"

वाटेत तो सांगत होता. काल पहाटे चारपासून तो बोरीबंदरात उभा होता. मेल आली, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक खिडकी बघत गेला. बायकांच्या डब्याला कुलूप होतं आणि फिनेलचा वास येत होता. त्यानं गार्डाला विचारलं, तर गार्ड म्हणाला, सोलापूरला कुणाचं तरी मूल मेलं. "मला वाटलं, कुणाचं तरी," कल्लप्पा म्हणाला. "मी आणखी दोन तास थांबलो. वाटलं, तिची गाडी चुकली असेल, ती मागून येईल. चाळीत परत गेलो तेव्हा तार पडली होती. ती वाचून घ्यायला माणूस शोधावा लागला."

घरी आल्यावर तो सुंदरम्मापुढं उकिडवा बसला. मग तो म्हणाला, "मला दाखव." आणि तिघं माळावर गेली.

ऊन चढलं होतं. मातीचा ढीग एका दिवसात सुकून पांढरा पडला होता. कल्लप्पानं दगडांवरून हात फिरवला, एक सरकला होता तो नीट बसवला. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "कशी होती?"

सुंदरम्माचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

तो चंद्रव्वाकडं वळला. "तुम्ही बघितलं ना तिला, अक्का? तुम्ही तरी सांगा. कशी होती?"

चंद्रव्वाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं त्या पोरीला किती बघितलं होतं? खिडकीतून दोन मिनिटं आणि डॉक्टरच्या टेबलावर पाच. पण तो माणूस असा वर बघत होता की तिला बोलावंच लागलं.

"केस दाट होते," ती म्हणाली. "मऊ. पुढं थोडे कुरळे. रंग तुमच्यासारखा. नाक आईचं." ती आठवत आठवत सांगू लागली. "बोटं लांब होती. सात महिन्यांच्या मानानं फार लांब. आणि उजव्या कानाच्या मागं एक तीळ होता."

"डाव्या," सुंदरम्मा म्हणाली.

दोघांनी चमकून तिच्याकडं बघितलं. तिचा आवाज बसला होता, खरखरीत झाला होता.

"डाव्या कानाच्या मागं," ती म्हणाली. "आणि केस कुरळे नव्हते, घामानं वळले होते. हसली की एकाच गालाला खळी पडायची. तिला टोपडं आवडायचं नाही, ओढून टाकायची. रेलगाडी सुरू झाली तेव्हा घाबरली नाही. आदोनी सुटल्यावर खिडकीबाहेर बघून हात नाचवत होती. तुमच्या आईनं दृष्ट काढली होती निघताना..." आणि मग ती बोलतच राहिली. जन्माच्या दिवसापासूनचं. कल्लप्पा एकेका शब्दाला मान हलवत होता. चंद्रव्वा तिथून उठली आणि लांब बाभळीच्या सावलीला जाऊन उभी राहिली. ते ऐकायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. ती परत गेली तेव्हा दोघं रडून थकली होती.

संध्याकाळच्या मेलनं ती दोघं मुंबईला निघाली. चंद्रव्वानं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. ट्रंक कल्लप्पानं खांद्यावर घेतली, गाठोडं चंद्रव्वानं. फलाटावर मानसिंग भेटला, त्यानं कल्लप्पाच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढं गेला.

मेलला अजून दहा मिनिटं होती. कल्लप्पा म्हणाला, "अक्का, तुम्ही नसता तर हिचं काय झालं असतं? परक्या गावात कोण कुणाला घरात घेतं? जन्मात विसरणार नाही." मग म्हणाला, "एक कळत नाही. हिनं झाकून ठेवलं होतं. डब्यात कुणाला पत्ता नव्हता. मग पोलिसाला सांगितलं कुणी?"

चंद्रव्वानं सुंदरम्माकडं बघितलं. म्हणजे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सुंदरम्मा रुळांकडं बघत होती. ती आताही काही सांगणार नव्हती. गप्प बसलं असतं तर तो माणूस आयुष्यभर तिचं नाव चांगल्या शब्दांत घेत राहिला असता.

"मी सांगितलं," चंद्रव्वा म्हणाली.

कल्लप्पाला ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तुम्ही?"

"मी. मी हिला बरं म्हणाले आणि जाऊन सांगितलं. तिथं तीन लेकरं होती, त्यांची भीती वाटली. आणि माझ्या बिल्ल्याचीही वाटली. माझं दूध तिच्या तोंडाला लागलं होतं. दोष माझ्यावर येईल असं वाटलं." तिनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "आधी काय वाटलं ते मला सांगता येत नाही."

कल्लप्पा तिच्याकडं बघत राहिला. होटगीच्या बाजूला मेलचा दिवा दिसला आणि फलाटावरची माणसं उठून उभी राहिली.

"मी तिला हातात घेतलं असतं," तो शेवटी म्हणाला. "एवढं एकदा."

"हो," चंद्रव्वा म्हणाली.

त्यानं तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. हिसकावलं नाही, काढून घेतलं. "चल," तो सुंदरम्माला म्हणाला. बायकांच्या डब्याकडं त्यानं तिला जाऊ दिलं नाही. दोघं मागच्या गर्दीच्या डब्यात चढली आणि चंद्रव्वाला शेवटची दिसली ती सुंदरम्माची पाठ. भाकरीचं फडकं गाठोड्यात होतं, ते त्यांनी खाल्लं की टाकलं, हे तिला कधी कळलं नाही.

आषाढात एकदा मानसिंगनं तिला थांबवून सांगितलं की डॉक्टरनं पुढच्या स्टेशनांना पत्रं घातली होती. त्या मेलमधलं दुसरं कुणीही आजारी पडल्याची खबर कुठूनही आली नाही.

"म्हंजे पटकी नव्हतीच?" तिनं विचारलं.

"किंवा होती, आणि तू वेळेवर सांगितलंस. कोण सांगणार? तू मनाला लावून घेऊ नको. मी हवालदार म्हणून सांगतो, तू केलंस ते बरोबर केलंस."

चंद्रव्वा त्याच्याकडं बघून मान हलवत पुढं गेली. मेल यायची वेळ झाली होती. ती नेहमीसारखी मागच्या डब्यांकडं गेली, भांडी पुढं आली, तिनं धार सोडली. एका खिडकीतून कुणीतरी कानडीत हाक मारली, "अक्का, इकडं." तिनं दूध ओतलं, आणि मान वर न करता पुढच्या खिडकीकडं सरकली.